धागा: मातीतला पैलवान पिंजऱ्यात उतरला तर आधी काय मोडावं लागतं?

लालमाती_अनगोळ
मंडळी, अनगोळ, वडगाव, कंग्राळी, यळ्ळूर, कडोली, कुठल्याही तालमीत जा. हौद्याच्या कडेला बसलेल्या चार पोरांपैकी एकाच्या मोबाईलवर यूएफसी, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढती, चालू असतंच. रविवारी सकाळी जोर-बैठका आटोपल्या की तीच चर्चा. प्रश्नही एकच असतो: दहा वर्षं मातीत काढलेला पैलवान एमएमएत (ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं सगळं चालणाऱ्या लढतीत) उतरला तर त्याचं काय कामाला येईल आणि काय अंगाशी येईल?

माझं म्हणणं आधी मांडतो, मग तुम्ही खोडा. कुस्तीत सगळी अक्कल एका गोष्टीसाठी खर्च होते, पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळेंनी १९५९ ला पहिलं हिंदकेसरीपद मिळवलं तेव्हापासून आजच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या जोडीपर्यंत हा नियम बदललेला नाही. म्हणून पैलवान अडचणीत आला की पालथा होतो. विचार करून होत नाही, आपोआप होतो. पिंजऱ्यात पाठ वाचवायची असते ती माणसापासून. तिथं पालथा झालेला माणूस गळा देऊन बसतो. ठोसे, लाथा शिकता येतात. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एक विनंती, धाग्यात आपापले किस्से नकोत. डाव, पकड, लढतीचा दाखला आणि चूक नेमकी कुठं होते तेवढं लिहा.

जाळीला_पाठ
पूर्ण सहमत. तपशील देतो.

मागून कब्जा गेला की पैलवान गुडघे-कोपरं टेकून कासवासारखा बसतो. हनुवटी छातीला, हात आत, कंबर जड. मातीत इथं मिनिटभर दम खाता येतो, कारण वरच्याला चीत करायचं असतं आणि त्यासाठी त्याला घिस्सा, घुटना असलं काहीतरी जमवावं लागतं. पिंजऱ्यातला वरचा माणूस तुम्हाला उलथवायच्या भानगडीत पडतच नाही. तो एक टाच तुमच्या मांडीच्या आत घालतो, मग दुसरी. एक हात खांद्यावरून, दुसरा काखेखालून. खांद्यावरचा हात हनुवटीखाली शिरला, की मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नीट बसलेली पकड असेल तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. श्वास कोंडायची वाट बघत बसू नका, श्वास चालू असतानाच माणूस बेशुद्ध होतो. मातीत गळा आवळणं बंद असल्यामुळे पैलवानाच्या अंगात या धोक्याची घंटाच बसवलेली नसते.

सुटका अशी:

आधी दोन्ही हातांनी त्याचा खांद्यावरून आलेला हात धरायचा. मनगट एका हातात, बोटांजवळचा भाग दुसऱ्या हातात. तो हात खाली छातीवर ओढून ठेवायचा. त्याच्या पायांकडे अजून बघायचंच नाही. नवा माणूस आधी पाय सोडवायला जातो आणि तेवढ्यात गळा जातो.

मग त्याचा जो हात काखेखालून आलाय त्या बाजूला घसरायचं. उलट बाजूला पडलात तर आवळणारा हात आणखी खोल बसतो.

आता स्वतःचे दोन्ही खांदे जमिनीला लावायचे. होय, आपणहून चीत व्हायचं. पाठ जमिनीला लागली की त्याची छाती तुमच्या पाठीवरून सुटते आणि गळ्याचा कोन मोडतो. मग वरचा पाय कोपराने खाली ढकलायचा, कंबर बाहेर काढायची आणि त्याच्याकडे तोंड करून वळायचं.

इथंच पैलवान अडतो. त्याला खांदे लावा म्हटलं की तो हमखास पोटावर वळतो.

खानापूर_रान
हे सगळं बरोबर, खरं आमच्या सवारीला विसरू नका ओ. पोरं समजूल्यात की कुस्तीवाल्याकडं फक्त पट (पाय धरून पाडणं) आहे. मागून कब्जा, एक पाय आत घालून सवारी भरणं, त्याच पायानं त्याची कंबर जमिनीला दाबणं, हे पाठीवर ताबा घेण्याचं अर्धं काम झालं. जुजुत्सूवाल्याला हे शिकायला वर्ष जातं, तालमीतल्या पोराला ते आधीच येतंय.

फरक दोन. एक, सवारीत आपण उलथवायला वर सरकतो. पिंजऱ्यात खांद्यांच्या वर गेलात तर तो डोकं खाली घालून तुम्हाला पुढं सांडतो. छाती त्याच्या खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध राहिली पाहिजे, कंबर त्याच्या कंबरेला चिकटून. दोन, दोन्ही पाय आत गेल्यावर घोटे एकमेकांवर अडकवायचे नाहीत. त्यानं आपला पाय वर टाकला की तुमचाच घोटा मोडायची पकड तयार होते. अडकवायचं असेल तर एका पायाची पोटरी दुसऱ्या गुडघ्याच्या मागं घालून तिढा घाला, तेही त्याच्या पोटावर.

निपाणी_वेस
पाठीवर सगळे बोलताय, पण लढत त्याच्या आधीच संपते. पट काढताना.

भारत कांदारे यूएफसीत लढलेला पहिला भारतीय, आपल्या महाराष्ट्राचा. २५ नोव्हेंबर २०१७, शांघाय, समोर सोंग यादोंग. पहिल्याच फेरीत गिलोटिन, म्हणजे समोरून काखेत डोकं घेऊन आवळलेला गळा. आपल्या प्रत्येक पैलवानानं ती लढत शिकण्यासाठी बघावी. समोरच्याच्या काखेत डोकं गेलं की काय होतं ते त्यात दिसतं.

पट काढताना डोकं कुठं असावं:

डोळे वर. जमीन दिसली म्हणजे मान खाली गेली. एकेरी पटात कान त्याच्या बरगडीला घासला पाहिजे आणि कपाळानं त्याला ढकलत राहायचं. दुहेरी पटात डोकं बाहेर असेल तर मान ताठ आणि खांदा त्याच्या पोटात, मध्ये जागा नको. पट धरून थांबायचं नाही. मातीत पाय धरून दम घेता येतो, इथं थांबलात की तो हात गळ्याखाली सरकवतो किंवा कोपर मारतो.

गळा अडकलाच तर आधी त्याच्या आवळणाऱ्या मनगटाला धरा, हनुवटी त्याच हाताच्या कोपराकडं वळवा. खाली पडल्यावर दिशा लक्षात ठेवा. त्यानं उजव्या हातानं आवळलंय तर तुमचं शरीर त्याच्या डाव्या बाजूला न्या. उजव्या बाजूला गेलात तर तुम्ही स्वतःच दोर घट्ट करताय.

शड्डू_कडोली
+१. आणि लांबून थेट पट काढणं. बेन आस्क्रेन अमेरिकेचा ऑलिंपिक कुस्तीगीर, तोपर्यंत एकही लढत हरलेला नव्हता. ६ जुलै २०१९, यूएफसी २३९, होर्हे मास्विदाल धावत आला आणि उडी मारून गुडघा. पाच सेकंद. आस्क्रेन खाली वाकत होता आणि गुडघा वर येत होता, दोन्ही वेग एकमेकांत मिसळले.

पटाच्या आधी काहीतरी दाखवावं लागतं. साधा डावा ठोसा चेहऱ्यावर, तो लागायची गरज नाही, त्याचे हात वर आले की झालं. त्या हाताच्या खालून आत. ठोसा, पायाची एक फाक, खाली बसणं, ही तीन कामं एकाच श्वासात. खडाखडीतून (उभ्यानं चालणाऱ्या हात-मानेच्या झटापटीतून) पट काढणाऱ्याला हे अवघड जात नाही, कारण तिथंही आपण आधी मान ओढतो, तो मान वर घेतो, मग पाय धरतो. फक्त मानेच्या ऐवजी ठोसा.

लालमाती_अनगोळ
शड्डू, इथं थोडा मतभेद. खडाखडीला मी जास्त भाव देईन. बॉक्सिंगवाला हात लांब ठेवतो, त्याला कुणी मनगट धरून ओढलेलं आवडत नाही. दस्ती खेचून बगलेतून मागं जाणं, बगलडूब, हे पिंजऱ्यात पटापेक्षा सुरक्षित आहे, कारण डोकं कधी गुडघ्याच्या उंचीला येतच नाही. कमरेला मागून कव (दोन्ही हातांची मिठी) घातली की उचलून खाली बसवायचं, उठला की पुन्हा बसवायचं. पंचांना दिसतं, समोरच्याचा दम जातो.

ढाक (पाठ वळवून कमरेवरून फेकणं) मात्र जपून. ढाक फसली की तुम्ही त्याच्या पुढ्यात आणि तो तुमच्या पाठीवर. मातीत फसलेली ढाक म्हणजे एक कब्जा. पिंजऱ्यात फसलेली ढाक म्हणजे वर जाळीला_पाठ यांनी लिहिलेलं सगळं.

कलाजंगही तसंच. खांद्यावर घेताना मान त्याच्या काखेखाली असते, त्याचा हात मोकळा असतो, कोपर थेट डोक्यावर.

माउथगार्ड_मारुती
कोपराचा विषय निघाला म्हणून नियम सांगतो, कारण बरेच जण जुन्या नियमावर बोलतात.

वरून सरळ खाली येणारा कोपर २०२४ पर्यंत फाऊल होता. यूएफसीतला नामवंत लढवय्या जॉन जोन्स याची एकमेव हार, डिसेंबर २००९ ची मॅट हॅमिलविरुद्धची, त्याच फाऊलसाठी बाद ठरवल्यामुळे झाली. नोव्हेंबर २०२४ पासून तो कोपर चालतो. त्याच वेळी दुसरा बदल झाला. पूर्वी जमिनीला हात टेकला की डोक्यात गुडघा मारता येत नव्हता. आता हात-पायांच्या पंजांखेरीज शरीराचा काही भाग, म्हणजे गुडघा, कोपर, पार्श्वभाग, टेकलेला असेल तरच संरक्षण. नुसता पंजा टेकून बसणाऱ्या पोरांनी ही खोड सोडावी.

वन चॅम्पियनशिप या यूएफसीसारख्याच आशियातल्या मालिकेत तर जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यात गुडघा मारायला परवानगी आहे. कासव करून बसणं तिथं सगळ्यात वाईट जागा.

अमॅच्युअर लढतीत फेऱ्या तीन मिनिटांच्या तीन, कोपर बंद, डोक्याला गुडघा बंद. सुरुवात तिथूनच करा. व्यावसायिक लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट. यूएफसीच्या मुख्य आणि विजेतेपदाच्या लढती पाच फेऱ्यांच्या.

चिकोडी_लाईन
मला एक विचारायचं आहे. लांग नाही, माती नाही, मग धरायचं काय? मातीत घाम आला तरी हातात माती घेऊन पुसतो. इथं दुसऱ्या फेरीत सगळं निसटतं.

जाळीला_पाठ
चांगला प्रश्न. मातीच्या पकडी बऱ्याचशा घर्षणावर चालतात, पिंजऱ्यातल्या हाडावर.

लांग, चड्डी, ग्लोव्हजची कड, जाळी, काहीच धरता येत नाही, सगळं फाऊल. त्यामुळे पकड सांध्याच्या वर बसवा. मनगट धरायचं तर तळहाताच्या हाडालगत, जिथं हात रुंद होतो, म्हणजे घामानं निसटला तरी तिथं अडतो. पायाची पकड गुडघ्याच्या मागच्या खोबणीत, मांडीवर नको. कव घालताना कमरेच्या हाडाच्या वर.

हात एकमेकांत अडकवताना बोटांत बोटं कधीच नको. चार औंसाच्या ग्लोव्हजमध्ये बोटं उघडी असतात, तो फिरला की बोट मोडतं. तळव्यावर तळवा, अंगठे बोटांना चिकटून. ग्लोव्हजच्या गादीमुळे ही पकड नेहमीपेक्षा जाड वाटते, म्हणून सराव ग्लोव्हज घालूनच करा. उघड्या हातानं जमणारी पकड ग्लोव्हजमध्ये पहिल्या दिवशी जमतच नाही.

दोरावर चढणं आणि मल्लखांब सोडू नका. त्यातून आलेली हाताची ताकद इथं सोन्यासारखी आहे.

खानापूर_रान
जाळीचं पण सांगा की. आमच्याकडं मैदान मोकळं, मागं काही नसतंय. पोरगं पट धरून सरळ ढकलत जातंय, त्याला जाळीला टेकवतंय आणि मग काही होईना. टेकला की त्याला आधार मिळतोय.

जाळीला_पाठ
बरोबर धरलंत. सरळ ढकलणं हीच चूक. जाळीला टेकल्यावर त्याचे पाय फाकतात, कंबर मागं जाते, आता ढकलून तो पडणार नाही. तुमचं डोकं त्याच्या हनुवटीखाली, कपाळानं वर रेटा. हात त्याच्या मांड्यांमागं, गुडघ्यांच्या जरा वर, एकत्र करा. मग ढकलणं बंद, आपल्याकडं ओढा म्हणजे कंबर जाळीपासून सुटेल, आणि बाजूला वळा. एक पाऊल मागं, पाव वर्तुळ. तो कोपऱ्यात बसतो.

हात मांड्यांपर्यंत पोचले नाहीत तर कव घालून बाहेरची टांग (पाय आडवा घालून पाडणं). यूएफसीतल्या इस्लाम मखाचेव्हच्या लढती याच्यासाठी बघा, जाळीजवळ कव आणि टांग हे त्याचं रोजचं काम आहे. आपल्या पैलवानाला टांग शिकवावी लागत नाही, फक्त ती जाळीजवळ मारायची सवय लावावी लागते.

बसल्यावर यूएफसीतल्या खबीब नुर्मागोमेदोव्हचं काम बघा. ६ ऑक्टोबर २०१८, यूएफसी २२९, समोर मॅकग्रेगर. त्याची पाठ जाळीला, दोन्ही पाय आपल्या पायांच्या तिढ्यात बांधलेले, एक मनगट कमरेमागं धरलेलं, आणि मोकळ्या हातानं ठोसे. चौथ्या फेरीत मान वळवून संपवलं. खबीब २९ लढती लढला, २९ जिंकला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गेथजीला ट्रँगलनं (पायांच्या तिढ्यात गळा धरून) आवळून निवृत्त झाला. त्यात डाव फार नव्हते. एकदा बसवलेल्याला उठू न देणं, हे त्याचं शस्त्र.

शड्डू_कडोली
आता मूळ मुद्द्याच्या उलट बाजूचं. खाली पडल्यावर फक्त गळा नाही, हातही जातो. रितू फोगाट आपल्या देशातली नावाजलेली कुस्तीगीर. ३ डिसेंबर २०२१, वन चॅम्पियनशिपच्या ग्रां प्रीची अंतिम लढत, समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, जी मूळची लाथा-ठोसेवाली. दुसऱ्या फेरीत आर्मबार, कोपर उलटा ताणून.

वर बसलेल्या कुस्तीगीराचे हात पुढं सरळ टेकतात. मातीत ते चालतं. इथं खालच्याच्या छातीवर सरळ टेकलेला हात म्हणजे त्याला दिलेलं बक्षीस. कोपरं नेहमी बरगडीला चिकटून. टेकायचंच तर पंजा जमिनीवर, तोही त्याच्या काखेजवळ. हात अडकला तर दुसऱ्या हातानं स्वतःचा दंड धरा, अंगठा वर ठेवून कोपर जमिनीकडं न्या आणि त्याच्यावर वजन टाकून उभे राहा. मागं ओढू नका, मागं ओढलं की हात सरळ होतो आणि त्याला तेच हवं असतं.

पूजा तोमरही बघा. ८ जून २०२४ ला ती यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली आणि मार्च २०२५ मध्ये लंडनला शॉना बॅननविरुद्ध आर्मबारवरच हरली. खालून काय येतंय ते ओळखणं आपल्याकडं अजून कच्चं आहे.

चिकोडी_लाईन
गुणांचं काय? निकाली कुस्ती नसेल तर आपल्या पोरांना वाटतं खाली पाडलं म्हणजे गुण मिळाले.

माउथगार्ड_मारुती
नाही मिळत. पाडण्याला वेगळा गुण नाही. प्रत्येक फेरी १०-९ किंवा १०-८ अशी मोजतात आणि पहिला विचार होतो परिणामकारक मारा आणि परिणामकारक पकडीचा, म्हणजे नुकसान किती झालं आणि लढत संपवण्याच्या किती जवळ आणली. त्यात बरोबरी असेल तरच आक्रमकता, आणि त्याहीनंतर पिंजऱ्यावरचा ताबा. पाडलं आणि नुसतं धरून ठेवलं तर तीन ठोसे खाल्लेला तुम्हीच मागे पडता.

दोन दाखले ठेवतो. मेराब द्वालिश्विली, मार्च २०२३, प्योत्र यानविरुद्ध ४९ वेळा पाडायला गेला, ११ वेळा पाडलं. जिंकला, कारण प्रत्येक प्रयत्नाच्या आधी आणि नंतर मारत होता, यानला उभं राहून विचार करायला वेळच मिळाला नाही. पण डिसेंबर २०२५ ला त्याच यानकडून विजेतेपद गमावलं. यानने पाडण्याचे प्रयत्न अडवले आणि पोटावर मारत राहिला.

दुसरा, चिमाएव्ह विरुद्ध दु प्लेसी, १६ ऑगस्ट २०२५, शिकागो. २५ मिनिटांतली २१ पेक्षा जास्त मिनिटं चिमाएव्हच्या ताब्यात, तिन्ही पंचांचे ५०-४४. बऱ्याच जणांना ती लढत कंटाळवाणी वाटली. मला नाही वाटली. त्यानं समोरच्याचे हात बांधून बारीक ठोशांचा मारा पाच फेऱ्या चालू ठेवला, म्हणून ते गुण आले. हात सोडून नुसता बसला असता तर एवढा फरक पडला नसता.

निपाणी_वेस
चिमाएव्हवर मी सहमत नाही, लढत संपवायला जायला हवं होतं. निकाली कुस्ती बघणाऱ्या गावात ते पटणार नाही. पण गुणांचं गणित बरोबर सांगितलंत.

पायाच्या लाथेवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पैलवानाचा पवित्रा खाली, पुढचा गुडघा वाकलेला, सगळं वजन पुढच्या पायावर. पोटरीवर लाथ मारणाऱ्याला याहून चांगलं लक्ष्य मिळत नाही. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूनं जाणारी नस हाडाजवळ असते, तिथं चार-पाच बसल्या की पाऊल उचलत नाही, घोटा लटकतो. पाऊल उचललं नाही की पट गेला, टांग गेली. पॉइरियरनं जानेवारी २०२१ मध्ये मॅकग्रेगरचा पाय असाच आधी मारला आणि दुसऱ्या फेरीत हातांनी संपवलं.

उपाय: वजन दोन्ही पायांवर समान, पुढची टाच जराशी हलकी. लाथ येताना दिसली की गुडघा बाहेर वळवून नडगी समोर करा, पाऊल चार बोटं उचला. पोटरीवर घेण्यापेक्षा नडगीवर घ्या. उशीर झाला तर पाय मागं ओढण्यापेक्षा पुढं घुसून लाथेची ताकद मारा, आणि तिथूनच कव घाला. मागं सरकलात तर दुसरी येते.

नडगी कडक करायला बाटल्या, दांडके घासू नका. जड पिशवीवर आठवड्याला दोनदा, हळूहळू.

लालमाती_अनगोळ
उत्तम. आता वजन. मैदानात जोड लावताना वस्ताद डोळ्यांनी अंदाज घेतात, पाच-सात किलोचा फरक चालून जातो. इथं काटा आहे. लाइटवेट ७०.३ किलो, वेल्टर ७७.१, फेदर ६५.८, बँटम ६१.२. मॅटवर ७४ किलोत खेळणाऱ्यानं कुठं जायचं, यावर मत द्या.

रिंगण_डॉक्टरकी
यावर मी लिहितो, कारण इथं जीव जातो. चीनचा यांग ज्यान-बिंग डिसेंबर २०१५ मध्ये वजन उतरवताना शरीरातलं पाणी संपून मेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपनं लघवीची तपासणी आणून पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली. यूएफसीतही ऑक्टोबर २०१५ मध्ये उत्तेजक तपासणीच्या नियमांनी शिरेतून सलाईन घेणं बंद केलं होतं, म्हणजे तोंडानंच भरून काढावं लागायचं.

लालमातींचा प्रश्न: ७४ किलोत खेळणारा जर एरवी ७८ असेल तर त्यानं ७७ मध्ये लढावं, निदान पहिली तीन वर्षं. खुराक कमी करायला शिकल्यावर, एरवीचं वजन ७४-७५ वर स्थिर झाल्यावर ७० चा विचार. दूध, तूप, बदाम, थंडाई यात वाईट काही नाही, पण तो आहार दिवसाला हजार जोर काढणाऱ्याचा आहे. सराव फेऱ्यांचा झाला आणि थाळी तीच राहिली तर चरबी वाढते.

चरबी आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो, आठ आठवडे. शेवटच्या आठवड्यात मीठ आणि भाकरी-भात कमी करून जे दोन-तीन टक्के उतरतं तेवढंच. प्लास्टिकचा कोट घालून उन्हात पळणं, लघवीच्या गोळ्या, दोन्ही बंद. गोळ्या तर उत्तेजकांच्या बंदी यादीतही आहेत. चक्कर, धडधड, घाम यायचा थांबणं, लघवी गडद तपकिरी, यातलं एक जरी दिसलं तरी लढत गेली तर गेली.

वजन झाल्यावर गटागटा पाणी नको. जेवढं वजन उतरलं त्याच्या दीडपट पातळ, पहिल्या चार-पाच तासांत घोटाघोटानं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये घालू नका, जुलाब होतात. मग पेज, मऊ भात, केळं. तिखट रस्सा दुसऱ्या दिवशी लढत झाल्यावर.

अमॅच्युअरमध्ये त्याच दिवशी सकाळी वजन असेल तर पाणी काढायचं नावच नको.

चिकोडी_लाईन
कान? आपल्याकडं फुगलेला कान म्हणजे पैलवानाची खूण.

रिंगण_डॉक्टरकी
खूण म्हणून मिरवा, पण पिंजऱ्यात तो उघडतो. लेस्ली स्मिथचा कान यूएफसी १८० मध्ये फाटला आणि डॉक्टरांनी लढत थांबवली. कानात रक्त साचलं की ते पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून काढून घ्या आणि दाबपट्टी ठेवा. घरी सुई नको, जंतू गेले की कूर्चाच सडते. सरावात कान झाकणारी पट्टी घाला.

डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, अगदी दोन सेकंद, तरी किमान ३० दिवस डोक्याला कुठलाही मार नको. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सराव सुरू नको. पोरं दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरतात. हे सगळ्यात धोकादायक.

यूएफसीतल्या आपल्या अंशुल जुबलीची फेब्रुवारी २०२५ ची सिडनीची लढत १९ सेकंदांत संपली. अशा फटक्यानंतर मेंदूला वेळ लागतो, शरीर कितीही ताजं वाटलं तरी.

खानापूर_रान
एक महिन्याचा आराखडा कोण देईल काय? रोज मातीत उतरणारं पोरगं, उभं राहून मारणं शून्य.

जाळीला_पाठ
देतो, पण चार महिन्यांचा विचार करा, एकाचा नाही.

पहिले सहा आठवडे: माती आठवड्याला तीन दिवस, जशी चालू आहे तशी. बाकी तीन दिवस मॅट. मॅटवर पहिली २० मिनिटं उभं राहणं, पाय हलवणं, डावा-उजवा ठोसा, नडगी उचलणं. हाताला साडेचार मीटरची पट्टी, पिशवीवर १२ ते १४ औंस, समोरासमोर १६ औंस. पुढची २० मिनिटं गळा आणि पाठ: जोडीदार पाठीवर दोन्ही टाचा आत घालून सुरू करणार, दोन मिनिटांत खालच्यानं खांदे जमिनीला लावून त्याच्याकडं वळायचं. पोटावर वळला तर पुन्हा सुरू. दहा वेळा. शेवटची १० मिनिटं जाळी किंवा भिंत. जाळी नसेल तर भिंतीला गादी बांधा, भिंतीवर डोकं आपटतं.

सहा आठवड्यांनंतर ठोशांसह पट. जोडीदार सात औंसाच्या ग्लोव्हजनं हलकं मारणार, निम्म्या ताकदीवर. आठवड्यातून एकदाच जोरात.

दम: जोर-बैठका तशाच ठेवा, पण त्यांची मांडणी बदला. एका दमात हजार काढण्यापेक्षा पाच मिनिटं सतत काम, एक मिनिट थांबा, अशा पाच फेऱ्या. काम म्हणजे एक मिनिट पिशवी, एक मिनिट कव घालून उचलणं, एक मिनिट खाली बसून उठणं, एक मिनिट जोर, एक मिनिट पिशवी. मैदानात अर्धा तास सावकाश टिकणारा पैलवान इथं पहिल्या फेरीतच तोंड उघडतो.

सामान: माउथगार्ड उकळत्या पाण्यात मऊ करून दातांवर बसवण्याचा, पाकिटावर दिलेले सेकंदच ठेवा, जास्त ठेवला तर आकार जातो. लंगोटावरून कप (जांघेचं कडक कवच) घालू नका, सरकतो. घट्ट कपड्याच्या आत कप. नखं कापलेली. मॅट रोज पुसा, घरातलं पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्यात दहा मिली, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीतून मॅटवर येताना पाय धुतले नाहीत की नायटा सगळ्यांना.

लालमाती_अनगोळ
यात एकच भर. खांदे टेकवण्याचा तो सराव हौद्यात करू नका आणि आधी वस्तादांना सांगा. तालमीत कुणी आपणहून पाठ टेकवलेली त्यांना चालणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, माती त्यासाठी नाही. मॅट वेगळी, वेळ वेगळी. माती सकाळची, मॅट संध्याकाळची. दोन सवयी एकाच जागी शिकवल्या की पोरगं मैदानात चीत होतं आणि पिंजऱ्यात पालथं.

खानापूर_रान
कळलं. भिंतीच्या गादीची जाडी किती ठेवायची?

जाळीला_पाठ
दोन इंच पुरे, पण जमिनीपासून पाच फुटांपर्यंत. डोकं तिथंच लागतं.